खुलासा : झिरो माईल आणि नागपूरची वाढ

‘नागपूर देशाच्या मध्यावर, झिरो माईलवर वसले म्हणून मोठे झाले आणि आसपासची खेडी तरुणांना शेतीचा कंटाळा आल्यामुळे ओस पडली’ हा सध्या फिरत असलेला संदेश दिशाभूल करणारा आहे. चार घोडे आणि स्तंभ असलेली ती खूण ब्रिटिशकालीन सर्वेक्षणाची आहे, शहराच्या भरभराटीचे कारण नव्हे. नोंदलेल्या तारखांचा क्रमच पुरेसा बोलका आहे : १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले, १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे येथे पोहोचली आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, कारण काळ्या जमिनीतला कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. मध्यवर्ती स्थानाचा खरा लाभ मिळाला तो रूळ आल्यानंतर.

खेड्यांवरचा कंटाळ्याचा शेरा तर अन्यायकारकच वाटतो. विदर्भातील बहुतांश कापूस कोरडवाहू आहे. पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणावे लागते, वेचणीची मजुरी रोख द्यावी लागते आणि भाव मात्र शेतकऱ्याच्या हातात नसतो. मग घरातला एखादा बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला लागतो.

मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासाही टाकावा.