बाराच्या जागी आठची फायबर सळई? बीमचं गणित तसं चालत नाही

बडोद्यातल्या बांधकामाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर सध्या सतत फिरतोय: काचतंतूची, म्हणजे जीएफआरपीची सळई लोखंडाच्या दुप्पट ताकदीची, म्हणून 12 मिमीच्या जागी 8 मिमी घाला, बीम तेवढाच भार घेईल, गंज नाही, पैसे वाचतील, भूकंपाची भीती नाही. मांजलपूर, वाघोडिया रोडकडे घर बांधणारी आपली माणसं तो दाखवून कॉन्ट्रॅक्टरला सळई बदलायला लावतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘दुप्पट ताकद.’ नुसती सळई ओढून तोडली तर हे जवळपास खरं आहे. एफई 500 ची (घरांना वापरतात त्या लोखंडाच्या प्रतीची) सळई 500 मेगापास्कल ताणाला यील्ड होते, म्हणजे कायमची लांबायला लागते, 8 मिमीची चांगली फायबर सळई 900 च्या आसपास तुटते. पण आडव्या छेदाचं क्षेत्रफळही बघा: 8 मिमीचं क्षेत्रफळ 12 मिमीच्या निम्म्याहूनही कमी.

230 बाय 450 मिमीचा बीम घ्या, एम20 प्रतीचं काँक्रीट, खाली तीन सळया, इफेक्टिव्ह डेप्थ (बीमच्या वरच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंतची खोली) 410. बाराच्या लोखंडी सळयांनी डिझाइनची बेंडिंग मोमेंट, म्हणजे वाकण्याविरुद्धची ताकद, सुमारे 55 किलोन्यूटन-मीटर मिळते. आठच्या तीन फायबर सळया घातल्या, तर अमेरिकेच्या काँक्रीट संस्थेच्या (एसीआय) फायबर सळयांवरच्या 440 मार्गदर्शिकेच्या 2015 च्या आवृत्तीप्रमाणे हिशेब 23 वर येतो. काच काळानुसार कमजोर होते म्हणून तिथे ताकद आधीच कापतात, आणि सळई एकदम तुटण्याचा धोका असेल तर 0.55 ने गुणतात. लोखंडाला हाच गुणक 0.9 असतो.

आणि ताकद हा अर्धाच प्रश्न. लोखंडाचा इलॅस्टिक मॉड्युलस, म्हणजे ताणाला न लांबण्याचा कडकपणा, 200 गिगापास्कल, काचतंतूचा साधारण 50. वरच्याच बीमला तडे गेल्यावरचा कडकपणा मी काढला: बाराच्या जागी बाराचीच फायबर घातली तरी तो तिसऱ्या हिश्श्याहून कमी उरतो, आठची घातली तर जेमतेम सातवा हिस्सा. म्हणजे बीम तुटण्याच्या कितीतरी आधी खाली झोल येईल, तडे रुंदावतील, वरची भिंत चिरेल. म्हणूनच फायबरच्या बीममध्ये बहुतेक वेळा ताकद नव्हे, झोल आणि तड्यांची रुंदी सळया ठरवतात, आणि सळई कमी नाही, जास्त लागते. शिवाय कायमच्या भाराखाली काच हळूहळू तुटत जाते. त्याच मार्गदर्शिकेत काचतंतूवरचा कायमचा ताण डिझाइन ताकदीच्या फक्त 20 टक्क्यांपर्यंत ठेवायला सांगितलंय.

‘गंजत नाही.’ हे अगदी खरं, आणि या सळईचं मोठेपण इथेच आहे. दहेजच्या किनाऱ्यावरची जेट्टी, खाऱ्या पाण्यातला स्लॅब, अशा ठिकाणी लोखंडाला वाचवताना जीव मेटाकुटीला येतो, तिथे नीट डिझाइन करून ही जरूर वापरावी. घराच्या आतल्या बीमला मात्र पुरेसं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि दाट काँक्रीट दिलं की गंजाचा प्रश्न बहुतांशी सुटतो.

पैशांचं थोडक्यात: सळई वजनाला लोखंडाच्या पाव, म्हणून किलोचे भाव शेजारी ठेवून काही कळत नाही. झोल आटोक्यात ठेवण्याइतक्या सळया मोजा आणि मग मीटरचा भाव लावा.

भूकंपाचा दावा मला सर्वांत धोकादायक वाटतो. आयएस 1893 या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या नकाशात बडोदा झोन 3 मध्ये आहे, आणि 26 जानेवारी 2001 चा भूकंप गुजरातेत कुणी विसरलेलं नाही. आयएस 13920 या भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीटच्या मानकाचं सगळं डिझाइन लोखंड यील्ड होऊन, लांबून ऊर्जा शोषतं यावर उभं आहे. एफई 500 सळई तुटायच्या आधी किमान 12 टक्के लांबते. काचतंतूची दीड-दोन टक्क्यांवर, यील्ड न होताच तुटते. आगीतही रेझिन, म्हणजे तंतू धरून ठेवणारं प्लास्टिक, शंभरेक अंशांपुढे मऊ पडतं आणि काँक्रीटवरची पकड सुटत जाते.

साइटवर तर हिला वाकवताही येत नाही. हूक, रिंगा कारखान्यातूनच वळवून आणाव्या लागतात, आणि वळणावर ताकद सरळ सळईपेक्षा बरीच कमी भरते. फिटर सळई गरम करून वाकवताना दिसला, तर ती बीममध्ये जाऊ देऊ नका.