पाचशे रुपये भरून कॅग येत नसतो

पारोळ्याहून मामीने एक मेसेज पुढे पाठवला. खाली तिचा प्रश्न : "भाऊ, हाई खरं शे का?"

मेसेज म्हणतो, बुडालेल्या पतसंस्थांचं ऑडिट आता कॅग, म्हणजे देशाचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, करणार. 500 रुपये भरून नाव नोंदवा, ठेव व्याजासकट परत. वजन यावं म्हणून कॅगचा 'इतिहास'ही जोडलाय : हे पद 2008 साली विनोद राय यांच्यासाठी निघालं, पंतप्रधान त्यांना केव्हाही काढू शकतात, आणि त्यांनी टूजीत, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या परवान्यांच्या वाटपात, 1.76 लाख कोटींची चोरी कोर्टात सिद्ध केली.

मामीचे कापसाचे पैसे एका पतसंस्थेत अडकलेत, म्हणून आधी ते 500 रुपये. कॅग तपासतो केंद्राचा, राज्याचा आणि सरकारी कंपन्यांचा हिशेब. अहवाल राष्ट्रपतींकडे नाहीतर राज्यपालांकडे, तिथून सभागृहात. ठेवी वाटणं त्याचं कामच नाही. अहो, ग्रामपंचायतीचं दप्तरसुद्धा राज्याची स्थानिक निधी लेखापरीक्षा तपासते! पतसंस्थेचं ऑडिट 1960 च्या सहकार कायद्याच्या कलम 81 खाली होतं, तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे जाते. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही. मेसेज लिहिणाऱ्याला हे सगळं ठाऊक असणार. मामीसारख्यांची नड तर त्याला नक्कीच ठाऊक आहे.

इतिहासाचं काय सांगावं! पहिले महालेखापरीक्षक एडवर्ड ड्रमंड, 1860. स्वतंत्र भारताचे पहिले व्ही. नरहरी राव, 1948. राय अकरावे.

काढायचं म्हणाल तर घटनेचं 148 वं कलम उघडा. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवायला जे सोपस्कार लागतात, तेच इथे. निवृत्तीनंतर केंद्राचं किंवा राज्याचं कुठलंही पद नाही. बाबासाहेबांनी 1949 साली घटना समितीत या अधिकाऱ्याचं काम न्यायसंस्थेपेक्षाही महत्त्वाचं म्हटलं होतं. हां, नेमणूक सरकारच्याच पसंतीने होते, निवड समिती वगैरे नाही, आणि कालचे सचिव आज कॅग होतात. शशिकांत शर्मा आधी संरक्षण सचिवच होते. तेवढी शंका मी मान्य करतो.

टूजीचा आकडा अंदाजित तोट्याचा होता, आणि कॅग कोर्टात खटले चालवत नाही. 2012 साली 122 परवाने रद्द झाले ते सर्वोच्च न्यायालयात. 2017 साली विशेष न्यायालयाने सगळे आरोपी सोडले.

मामी, 500 पाठवू नको. पावत्यांच्या झेरॉक्स काढून ठेव, मंगळवारी सहायक निबंधकाच्या ऑफिसात जाऊ.