दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को: वाट लांबची, वेळ कमी

नमस्कार. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानप्रवासावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन आहेत. या प्रवासाचं अंतर मी १२,४०० किलोमीटर सांगितलं आणि खाली विमान १५,३०० किलोमीटर उडाल्याचंही लिहिलं, म्हणजे एक आकडा खोटा. दुसरं, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला निघालेलं विमान आधी पोचायला हवं. मी मात्र उलट, पूर्वेला जाणारं विमान आधी पोचतं असं लिहिलं.

पहिल्यात चूक माझी. आकडे दोन्ही खरे आहेत, पण कुठला कशाचा ते मी स्पष्ट केलं नव्हतं. १२,४०० हे गोलावरचं सर्वांत कमी अंतर. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. तो लडाख, सायबेरिया ओलांडतो, ७५ अक्षांशापर्यंत वर चढतो आणि अलास्कावरून खाली येतो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ही वाट सापडत नाही. मात्र विमानाला दोऱ्यावरून जाता येत नाही. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर दहा हजार फुटांपर्यंत उतरावं लागतं, आणि तिबेटच्या पठारावर जमीनच त्याहून उंच आहे.

एअर इंडियाचं हे विमान आधी पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेलं. वाट १५,३०० किलोमीटरची झाली, तरी साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे जवळजवळ दोन तास आधी. भागाकार करून पाहा: ताशी साधारण १,०५५ किलोमीटर. विमानाचा स्वतःचा वेग नऊशेच्या आसपास असतो. वरचा सगळा वेग पाठीमागून ढकलणाऱ्या वाऱ्याचा.

इथेच तुमच्या दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर आहे. पृथ्वीबरोबर हवाही फिरते. धावत्या एसटीत नाणं वर उडवलं तर ते मागच्या सीटवर पडत नाही, आपल्याच हातात येतं, विमानाचंही तसंच. तरी तुमच्या म्हणण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा धागा आहे, तो सोडू नका. विषुववृत्ताकडची ऊब आणि ध्रुवाकडची थंडी यांतल्या फरकाने, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळून, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे झोत वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त. म्हणून पूर्वेला जाणारं विमान लवकर पोचतं.

तुम्ही आईंना घेऊन जानेवारीत निघणार आहात, आणि त्यांच्या गोळ्यांच्या वेळा माझ्या आकड्यांवरून ठरवत होतात, हे वाचून जास्त वाईट वाटलं. कृपया किलोमीटरवरून तास काढू नका. तिकिटावरच्या वेळाही थेट वजा करू नका, कारण त्या त्या-त्या गावच्या असतात. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेतेरा तास मागे असतं. तिकिटावर प्रवासाचा कालावधी वेगळा छापलेला असतो, तो धरा. जातानाचा आणि येतानाचा, दोन्ही लिहून घ्या, आणि गोळ्यांच्या वेळा त्यांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मूळ लेखात दोन्ही अंतरं आता वेगळी करून लिहिली आहेत.