‘पाठीतलं पाणी काढू देऊ नका’ : मेसेज आणि वस्तुस्थिती

कुडाळ-सावंतवाडीकडच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. तापात माणूस बरळायला लागला की डॉक्टर पाठीतलं पाणी काढतात आणि त्याने कंबरेखाली कायमचा लुळेपणा येतो, म्हणून सही करू नका. एमआरआय केला की पुरे. ताप विषाणूचा असताना स्टेरॉइड देणं म्हणजे विषाणूला खतपाणी. ताप उतरला की धोका संपला. आणि प्रतिकारशक्तीचा काढा घेतलात तर मेंदूपर्यंत काही पोचणारच नाही. खाली कुण्या ‘मोठ्या डॉक्टरां’चं नाव आहे, त्यांच्या दवाखान्याचा पत्ता मात्र नाही.

पहिला मुद्दाच सगळ्यात घातक, कारण आपल्याकडे तो मेसेजच्याही आधीपासून आहे. ‘पाठीतला पाणी काढल्यानी नि माणूस लुळो पडलो’ हे वाक्य ऐकलं नाही असं घर सापडणं कठीण. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. तिथे असतात त्या मज्जातंतूंच्या सुट्या मुळ्या, पाण्यात सोडलेल्या सुंभाच्या धाग्यांसारख्या; सुई लागली तर त्या सहसा बाजूला सरकतात. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती हे पाणी साधारण १५० मिलिलिटर असतं आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार होतं. तपासणीसाठी घेतलेलं दहा-पंधरा मिलिलिटर तासाभरात भरून निघतं. नंतर काही जणांचं डोकं दुखतं, बसलं की जास्त, आडवं झालं की कमी. हा त्रास खरा आहे, पण बहुतेकांचा काही दिवसांत जातो.

मग लुळी पडलेली माणसं खोटी का? नाहीत. ती दुखण्यानेच लुळी पडलेली असतात. मज्जारज्जूला सूज आली की पाय जड होतात, लघवी अडते, बेंबीपाशी किंवा छातीपाशी रेघ ओढावी तसं त्याखाली बधिर होतं, आणि हे सगळं काही तासांत किंवा दिवसांत वाढत जातं. जपानी मेंदूज्वराचा विषाणू तर कधीकधी मज्जारज्जूवर पोलिओसारखा घाव घालतो. पाणी काढलं जातं ते याच वाढत्या दुखण्याच्या मधोमध. सकाळी सुई, संध्याकाळी पाय गेले, आळ सुईवर.

सुई घालणं लांबणीवर टाकावं अशी कारणं मात्र आहेत. मेंदूत गाठ किंवा मोठी सूज असल्याचा संशय असेल तर आधी सीटी करतात. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), डेंग्यू, माकडताप (गोचिडीतून येणारा विषाणूचा ताप) यांत प्लेटलेट्स फार उतरल्या असतील तर रक्तस्रावाच्या भीतीने थांबतात. मेसेजमध्ये यातलं एकही नाही.

एमआरआयबद्दल थोडक्यात. तो हवाच, पण तो सूज दाखवतो. ती कुणी आणली हे दर वेळी सांगत नाही. सुरुवातीच्या दिवसांत तो नॉर्मलही येतो. पाण्यात पेशी कुठल्या, साखर किती, प्रथिनं किती, यावरून जिवाणू, टीबी की विषाणू याचा अंदाज लागतो. हर्पिसचा विषाणू पीसीआर तपासणीने त्याच पाण्यात सापडतो. हर्पिसचा मेंदूज्वर ओळखलाच पाहिजे, कारण औषधाविना सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात आणि औषध हाताशी आहे: अॅसायक्लोव्हिर, शिरेतून, १४ ते २१ दिवस. संशय आला की रिपोर्टची वाट न बघता ते सुरू करतात.

आता स्टेरॉइड. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे, आणि तिथेच स्वतःच्या पहिल्या मुद्द्यावर पाणी ओततो. विषाणूचा बंदोबस्त न करता नुसतं स्टेरॉइड देणं धोक्याचंच. पण मेंदूची प्रत्येक सूज विषाणूची नसते. कधी शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदूवर उलटते. २००७ साली जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी १२ स्त्रियांमधला असा आजार उलगडला: भास, संशय, विचित्र वागणं, मग झटके, मग बेशुद्धी. त्यांच्या रक्तात आणि पाण्यात मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या (पेशींवरच्या, संदेश झेलणाऱ्या एका प्रथिनाविरुद्धच्या) अँटिबॉडी होत्या. अशी पोर आपल्या गावात आजारी पडली तर आधी देवाला कौल लागतो, गाऱ्हाणं घातलं जातं. त्याला माझी हरकत नाही, गाडीही त्याच दिवशी निघावी. कारण तिला स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिनच (शिरेतून देतात त्या, दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी) लागतं. दोन्ही आजार एकाच माणसातही होतात. स्पेनमधल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हर्पिसचा मेंदूज्वर झालेल्या ५१ जणांपैकी १४ जणांना पुढच्या काही आठवड्यांत असा प्रतिकारयंत्रणेचा मेंदूदाह झाला. म्हणजे स्टेरॉइड द्यावं की नाही हे ठरवायला ज्या पाण्याची मदत होते, तेच काढू नका म्हणून हा मेसेज सांगतो!

‘ताप उतरला की धोका संपला’ हे तर सिंधुदुर्गात तरी कुणी लिहू नये. २०१६ पासून दोडामार्ग आणि मग बांदा परिसराने माकडताप पाहिला. काजूच्या बागेत पालापाचोळ्यातली गोचीड चावते, ताप येतो, जातो, माणूस कामाला लागतो. दहा-वीस टक्के रुग्णांत आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप परततो, आणि या खेपेला डोकेदुखी, मानेचा ताठरपणा, थरथर, बरळणं घेऊन. मुलांमध्ये साध्या विषाणूच्या तापानंतर एक ते चार आठवड्यांनी मेंदू आणि मज्जारज्जूला सूज येण्याचा एक वेगळाच आजार आहे. त्यात विषाणू बहुधा निघून गेलेला असतो. नासधूस करते ती प्रतिकारयंत्रणा.

काढ्याचं उत्तर यातच आलं. प्रतिकारशक्ती ‘वाढवणं’ हा इथे उपायच नाही, आणि मेंदूपर्यंत विषाणू पोचू न देणारा काढा अजून कुणी उकळलेला नाही. जपानी मेंदूज्वरावर लस आहे, भारतात २००६ पासून जोखमीच्या जिल्ह्यांत ती मुलांना देतात.

पेशंट ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात असो की गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात हलवलेला, सहीचा कागद समोर आला की विचारण्यासारख्या गोष्टी तीनच. डोक्याचा सीटी लागणार आहे का, किंवा झाला असेल तर काय दिसलं? प्लेटलेट्स आणि रक्त गोठण्याचा रिपोर्ट पाहिला का? आणि पाण्याचा रिपोर्ट येईपर्यंत अॅसायक्लोव्हिर सुरू आहे का?