पाटीआधी पेटी

तालुक्याच्या जुन्या ऑफिसर्स क्लबाकडे चार पैसे जमले की चर्चा ठरलेली. एक गट म्हणतो, फाटकाशी शहीद स्मारक बांधू, जमलं तर सैन्यातून बाद झालेला रणगाडा आणून ठेवू. दुसरा म्हणतो, दगडावर कशाला खर्च, वीरपत्नींच्या मुलांच्या फिया भरा. वऱ्हाडातल्या व्हॉट्सॲप गटांवरचं हे भांडण इथे अमेरिकेत बसूनही रोज वाचायला मिळतं. दुसरा गट निदान माणसांकडे बघतो. पण इतिहास म्हणजे स्मारकाचा दगड, हे दोघांनीही धरून ठेवलंय. इतिहास पडलाय कवेलूच्या घरात, माळ्यावरच्या लोखंडी पेटीत, आणि तिथे त्याला कसर लागते आहे.

इथले बरेच खासगी क्लब एक गोष्ट नेमाने पाळतात. क्लब वेगळा, फाउंडेशन वेगळं. इथल्या करकायद्यात क्लब ५०१(सी)(७) मध्ये, म्हणजे सभासदांच्या विरंगुळ्याच्या संस्थांत, बसतो आणि त्याला दिलेल्या पैशावर देणगीदाराला सवलत नाही. म्हणून क्लबातलेच लोक ५०१(सी)(३) खाली स्वतंत्र धर्मादाय संस्था काढतात, तिचं खातं आणि हिशेब निराळे ठेवतात. तिचं वार्षिक विवरण, फॉर्म ९९०, कोणीही मागून बघू शकतो. इथलं सगळंच सोन्याचं आहे असं नाही. चेकच्या मोठ्या पुठ्ठ्यासोबत फोटो इथेही निघतात. पण टेनिस कोर्टाच्या जाळीचं बिल शिष्यवृत्तीच्या पैशातून गेलं तर ते लपवणं अवघड जातं.

आपल्याकडे हे करता येत नाही, असं मुळीच नाही. संस्था नोंदणी कायदा १८६० खाली किमान ७ जण लागतात, आणि महाराष्ट्रात सोबत सार्वजनिक विश्वस्त कायदा १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होते. गाडी अडते ती नंतर. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत फेरफार अहवाल द्यायचा असतो. तो कोणी देत नाही. मग कागदावर अध्यक्ष म्हणून वारलेला माणूस राहतो, बँक नवी सही मान्य करत नाही आणि पैसा पासबुकात दिसतो पण निघत नाही. विदर्भातली अर्धीअधिक मंडळं हेतू चुकल्याने नाही, या एका कागदापायी झोपतात, असं माझं मत आहे.

संस्थेच्या घटनेत उद्देशाचं कलम लिहिताना दोन जागी हात आखडू नये. लाभ फक्त सभासदांच्या मुलांना किंवा एखाद्या जातीपुरता ठेवला, तर देणगीवरची प्राप्तिकर सवलत (लोक जिला ८०जी म्हणतात) मिळणार नाही. दुसरं, नुसतं ‘माजी सैनिक’ लिहिलं तर आपल्याच भागातली माणसं बाहेर राहतात. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात गेलेले बुलडाणा जिल्ह्यातले दोघे जवान सीआरपीएफचे होते. त्याच वर्षी १ मे रोजी कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याच्या स्फोटात गेलेले १५ जण गडचिरोली पोलिसांचे होते. म्हणून सेना, केंद्रीय सशस्त्र पोलिस दलं आणि राज्य पोलिस अशी तिन्ही नावं घाला.

परदेशातल्या आपल्या लोकांनी पैसे पाठवण्याआधी पासपोर्ट बघावा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी अंशदान धरली जात नाही. ओसीआय कार्डवाला (परदेशी नागरिकत्व घेतलेला आपला माणूस) आणि इथलं महाराष्ट्र मंडळ मात्र एफसीआरएमध्ये, म्हणजे विदेशी अंशदानाच्या कायद्यात, येतात. तिथे नोंदणीसाठी संस्था साधारण ३ वर्षं जुनी असावी आणि तेवढ्या काळात तिने मूळ कामावर १५ लाख रुपये खर्चलेले असावेत. पुण्याच्या मोठ्या संस्थेकडे पाठवून पुढे तालुक्याला वळवू, ही वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली.

आता पेटी. पेन्शन न मिळालेल्या शिपायाची सेवेची कागदपत्रं रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस साधारण २५ वर्षांनी नष्ट करतं, लाँग रोलमधली, म्हणजे कायमच्या नोंदवहीतली, नोंद तेवढी राहते. म्हणजे घरातलं डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळालेलं सेवेचं पुस्तक) बहुतेकदा एकुलतं एक असतं. त्याच्याखाली पत्रं सापडतात. १९७१ च्या युद्धातल्या पाकिटावर ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय) असेल तर माणूस पूर्वेकडे होता असा पहिला अंदाज बांधावा, आणि पेटीत ‘पूर्वी स्टार’ हे पूर्व आघाडीचं पदक आहे का ते शोधावं. ५६ एपीओ असेल तर ‘पश्चिमी स्टार’, पश्चिम आघाडीचं. पाकीट फेकून नुसतं पत्र जपणारे लोक इथेच फसतात, कारण युनिटचं नाव आणि शिक्क्याची तारीख पाकिटावरच असते.

पदक चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, चार दिवाळ्यांत ते गुळगुळीत होतं. कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, डांबरगोळ्या कागदाला टेकवू नका. ओल आली असेल तर उन्हात नाही, सावलीत पंख्याखाली वाळवा. फोटो ६०० डीपीआयवर आणि कागद ३०० वर, टिफ या प्रकारच्या फाइलमध्ये स्कॅन करा. फोटोतल्या माणसांची नावं पाठीमागे मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. मूळ वस्तू ॲसिड-फ्री (आम्ल नसलेल्या कागदाच्या) फोल्डरमध्ये घालून घरच्यांनाच परत द्या. क्लबाने कपाटात कोंडायची नाही. फाइलच्या तीन प्रती करा, त्यातली एक जिल्ह्याबाहेर असू द्या.

म्हाताऱ्या जवानांच्या मुलाखतींसाठी इथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या, माजी सैनिकांच्या आठवणी जमवणाऱ्या व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्टचा नियम उचलण्यासारखा आहे: किमान ३० मिनिटं, काटछाट न केलेली. विदर्भात मात्र एक अडचण खास आपली. एप्रिल-मेमध्ये कूलर चालू ठेवून केलेलं रेकॉर्डिंग वाया जातं, म्हातारा काय बोलला ते कळतच नाही. सकाळी सातला बसा, कूलर बंद, मोबाइल तोंडापासून हातभर अंतरावर. सुरुवात नंबर, रेजिमेंट, भरतीचं ठिकाण आणि लंगरातलं जेवण यांपासून करा. ‘किती मारले’ हा प्रश्न पहिला विचारला की माणूस मिटतो किंवा थापा सुरू करतो. शेवटी वापराच्या संमतीवर सही घ्या, घरच्या एकासमोर.

फियांचे पैसे जूनमध्ये, शाळेच्या किंवा कॉलेजच्या खात्यात थेट. १५ ऑगस्टला मंचावर पाकीट द्यायचं म्हणून थांबलात तर प्रवेशाची मुदत निघून जाते.

एवढं करून पैसा उरला तर रणगाडा आणा, मला काही वावडं नाही. टी-५५ साधारण ३६ टनांचा असतो. काळ्या कपाशीच्या मातीवर नुसता सिमेंटचा ओटा टाकलात तर ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि ओटा एका बाजूला कलतो. खोदून मुरूम भरावा लागेल. तळाच्या निचऱ्याच्या बुचांची भोकं उघडी ठेवा, नाहीतर झाकणांतून झिरपलेलं पाणी आत साठून पत्रा आतून खातं, आणि वरून दर २६ जानेवारीला मारलेला ऑइलपेंट तो गंज झाकत राहतो. रंगाआधी गंज खरवडून प्रायमर लावायचा खर्च दरवर्षी कोण देणार, ते आणायच्या ठरावातच नावानिशी लिहून घ्या.