वाढत्या अंगाची बॅट

मागच्या पंधरवड्यात एकच मेसेज माझ्या चार ग्रुपवर येऊन पडला. आधी शाळेच्या बॅचच्या, मग गावच्या, मग कापसाच्या भावाच्या आणि शेवटी घरच्या. 'मुलाला क्रिकेटर बनवायचंय? मग हे वाचाच.' खाली सहा कलमं. चौथ्या वर्षी सुरुवात करा, नाहीतर उशीर झालाच समजा. पहिल्या दिवसापासून लेदर बॉलच द्या, टेनिस बॉलनं हात बिघडतो. बॅट एक-दोन मापं मोठी घ्या, तीन-चार वर्षं चालते. मूल उजवं असलं तरी डावखुरं खेळवा. रोज दोन तास सराव पाहिजेच. आणि गाव सोडा, गावात राहून कोणी मोठा होत नाही. तळाशी लिहिलेलं, 'एका अनुभवी प्रशिक्षकाचा सल्ला'. कोण, कुठला, काही पत्ता नाही.

प्रशिक्षक मीही नाही. यवतमाळ जिल्ह्यात गावोगावच्या टेनिस बॉल सामन्यांत वीसेक वर्षं बॉलिंग टाकली. आता खांदा दुखतो म्हणून संध्याकाळी शाळेच्या मागच्या पडीत जागेत पाच ते दहा वर्षांचे पोट्टे खेळवतो. माझा अधिकार तेवढाच.

आधी बॅटचं कलम घेतो, कारण आमच्याकडे ते सगळ्यांना चटकन पटतं. दिवाळीचा शर्ट आपण वाढत्या अंगाचा घेतो, चप्पल एक नंबर मोठी घेतो, मग बॅट का नाही? पण शर्टाची बाही दुमडता येते. बॅट कुठून दुमडणार?

गेल्या महिन्यात एक सहा वर्षांचं पोरगं नवीकोरी बॅट घेऊन आलं. दांड्याचं टोक त्याच्या बरगडीला टोचत होतं. बॅट उचलायची तर ते आधी खांदा वर घ्यायचं, मग खालच्या हातानं ओढायचं, तोवर बॉल मागच्या विटांना लागून परत निघालेला. चार बॉलनंतर त्यानं स्वतःच उपाय काढला: बॅट उचलायचीच नाही, खराट्यासारखी आडवी फिरवायची. बॉल लागला की बाकीचे पोट्टे ओरडतात, त्यामुळे तो खराटा पक्का होत चालला होता. मी शेजारच्या घरून कपडे धुवायची मोगरी मागून आणली. दुसराच बॉल समोर, सरळ, माझ्या दोन पायांमधून तुरीत गेला. पोरगं तेच, फक्त हातातलं लाकूड त्याच्या जोगं होतं.

माप पाहायची पद्धत साधी आहे. पोराला सरळ उभं करा, बॅट पायाला लावून उभी धरा. दांड्याचं टोक कमरेच्या हाडापाशी यावं, चड्डीच्या नाडीच्या वर गेलं की मोठी. मग उजव्या पोराला एकट्या डाव्या हातानं बॅट समोर आडवी धरायला सांगा. दहा आकडे मोजेपर्यंत हात खाली आला तर बॅट जड आहे. लहान मुलांच्या बॅटी एक ते सहा अशा चढत्या नंबरांत मिळतात, त्या उगाच नाहीत. आणि पाच-सहा वर्षांच्या पोराला नंबराचीही गरज नाही. सुताराकडून फळी तासून घ्या, नाहीतर जत्रेतली प्लास्टिकची चालते.

आता लेदर बॉल. हे कलम वाचून माझा खरा संताप झाला, कारण याची किंमत आमच्या घरात मोजून झाली आहे. मोठ्या पुरुषांच्या सामन्यातला बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा असतो. टेनिस बॉल ५६ ते ५९ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्यांनीही १३ वर्षांखालच्या मुलांसाठी बॉल हलका ठेवलाय, १३३ ते १४४ ग्रॅम. आणि फॉरवर्डवाला चार वर्षांच्या लेकराच्या हातात लेदर द्या म्हणतो.

माझा पुतण्या सात वर्षांचा असताना भावानं त्याला उन्हाळ्यात तालुक्याच्या एका शिबिरात घातला. दुसऱ्याच दिवशी लेदर बॉल हातमोज्यावर बसला. मोजा मोठा, आत बोटं सुटी. हाड मोडलं नाही, नख काळं पडलं, पंधरा दिवसांत बरंही झालं. बरा झाला नाही तो पाय. बॉलरनं हात वर केला की पोराचा मागचा पाय लेग साइडला, म्हणजे बॉलच्या वाटेतून बाहेर, सरकायचा. बॉल कुठे पडतो हे पाहायच्या आधीच तो बाजूला झालेला असायचा. शिबिरातल्या सरांनी त्याच्या मागे वीट ठेवली, पाय लागला तर दहा बैठका. मग पाय विटेपाशी थांबला आणि पोरगं डोळे मिटायला लागलं. शेवटी आजीला म्हणाला, "माय पोट दुखते, मी नाही जात." रोज सकाळी सहाला पोट दुखायचं, साडेसहाला बरं व्हायचं.

ते दुखणं घालवायला मला दिवाळी उजाडली. पायातल्या जुन्या मोज्यात प्लास्टिकचा बॉल घातला, दोरीनं कडुलिंबाच्या फांदीला गुडघ्याएवढ्या उंचीवर टांगला आणि मी बाजूला बसून तंबाखू मळत राहिलो. टांगलेला बॉल अंगावर येत नाही, मारला की जातो, परत येतो. महिनाभर तेवढंच. मग मी दहा पावलांवरून खालून सोडायला लागलो, मग टेनिस बॉल, मग वरून. पाय कधी थांबला, मला दिसलंही नाही.

टेनिस बॉलवरच्या आरोपात थोडं तथ्य आहे, ते कबूल करतो. तो जास्त उसळतो, त्यामुळे आडव्या बॅटनं ओढायची खोड लागते. हलका म्हणून जोर काढायच्या नादात काही बॉलर कोपरातून फेकतात. आमच्याच सामन्यांत असे फेकणारे 'एक्स्प्रेस' म्हणून मिरवले आहेत. पण ही खोड पंधरा-सोळाव्या वर्षी, बक्षिसाच्या सामन्यांत लागते. सहा वर्षांच्या पोराला अजून हातच बसलेला नाही, तो बिघडणार कुठून?

चौथ्या वर्षाच्या कलमाला उत्तर द्यायला लांब जायला नको. भारताकडून खेळलेला वेगवान बॉलर उमेश यादव नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढला, वडील खाणीत कामाला. विशीला टेकेपर्यंत तो टेनिस बॉलच टाकत होता. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी आणि २०११ मध्ये भारताकडून कसोटी. विदर्भाच्या संघातून कसोटी खेळलेला तो पहिला. एका उमेशवरून नियम होत नाही, मान्य. तसं उशिरा येऊन पोचणारे विरळाच. पण 'नाहीतर उशीर झालाच' म्हणणाऱ्याचा नियम मोडायला एक उमेश पुरे.

शिवाय लवकर सुरुवात करणं आणि एकच खेळ धरून बसणं या दोन वेगळ्या गोष्टी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की एकाच खेळात झोकून देणं १५-१६ वर्षांपर्यंत लांबवलेलं बरं. आमचे पोट्टे विटीदांडू, लगोरी, झाडावर चढणं सगळं करतात. लगोरीत नेम धरणारा हात क्रिकेटमध्ये थ्रो मारतो.

डावखुरेपणाचं कलम म्हणजे निव्वळ बाजारभाव पाहून पेरणी. सौरव गांगुली बाकी कामं उजव्या हातानं करतो आणि बॅटिंग डावखुरी. सचिन लिहितो डाव्या हातानं, खेळतो उजव्यानं. बॅट जमिनीवर ठेवा, पोराला उचलायला सांगा आणि गप्प राहा. ते जसं उभं राहील ती त्याची बाजू.

रोज दोन तास? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तर सावलीतलं पाणीही कढत लागतं. सकाळी सात वाजेपर्यंत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पाऊण तास भरपूर झाला. त्यातही रांगेत उभं राहण्यात वेळ घालवू नका. आम्ही आउट झाल्यावरही सहा बॉल पुरे खेळू देतो. खेळपट्टीही कापतो: पूर्ण खेळपट्टी २० मीटरच्या थोडी वर, ऑस्ट्रेलियात लहानग्यांसाठी १६ मीटरची ठेवतात, आमची पाच वर्षांच्यांसाठी माझी दहा पावलं.

राहिलं गाव सोडायचं. विदर्भानं २०१७-१८ ला रणजी जिंकली, २०१८-१९ ला पुन्हा आणि २०२४-२५ ला तिसऱ्यांदा. पुढे कधीतरी नागपूरची वाट धरावी लागते, जामठ्याचं स्टेडियम काही दारव्ह्याला येणार नाही. पण ते चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचं बोलणं. सहा वर्षांच्यासाठी पुण्यात खोली करून बसणाऱ्याला काय म्हणावं? आणि हो, पूर्ण मेसेजमध्ये 'मुलगा' हा एकच शब्द. अमरावतीची भारती फुलमाळी भारताकडून खेळली. माझ्या पडीत जागेतही तीन मुली येतात, त्यातल्या एकीचा थ्रो मला हातमोज्याशिवाय घेववत नाही.

घरच्या ग्रुपवर हा मेसेज टाकणारे आमचे थोरले मामा. मामाजी, तुम्ही नातवासाठी बॅट आणली म्हणून कळलं, सहा नंबरची. त्यानं अजून बॉलला लावली नसेल तर दुकानदार बदलून देईल. पावती फेकू नका.