सोलरक्लाउडमध्ये 'दर अपडेटमागे कमिट' कशासाठी?

सोलरक्लाउड (सोलर हे शोधाचं सॉफ्टवेअर अनेक सर्व्हरांवर मिळून चालवण्याची पद्धत) वापरणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: 'दर अपडेटनंतर कमिट पाठवा. त्याशिवाय डेटा सुरक्षित नाही. आणि कमिट झालं की तो सगळ्या नोडवर एकदमच दिसतो.' कमिट म्हणजे आलेले बदल पक्के करण्याचा किंवा शोधात दाखवण्याचा आदेश; नोड म्हणजे क्लस्टरमधला, म्हणजे सर्व्हरांच्या गटातला, एक सर्व्हर. हा सल्ला ऐकून चांगली चालणारी क्लस्टर लोकांनी ठप्प केली आहेत, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी सुरक्षिततेचं. अपडेट शार्डच्या (डेटाच्या एका भागाच्या) लीडरकडे, म्हणजे त्या भागाच्या मुख्य प्रतीकडे, जातं. लीडर ते ट्रान्झॅक्शन लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) नोंदवतो, रेप्लिकांना (बाकीच्या प्रतींना) पाठवतो आणि मगच होकार देतो. नोड पडला, तर पुन्हा उठताना तो लॉगमधूनच राहिलेलं भरून काढतो. हार्ड कमिट सेगमेंट (इंडेक्सच्या फायली) डिस्कवर पक्के करतं आणि नवा लॉग सुरू करतं. सोलरसोबत येणाऱ्या कॉन्फिगमध्ये ते 15 सेकंदांनी आपोआप होतं, तेही नवा सर्चर (शोधासाठी उघडलेलं इंडेक्सचं ताजं रूप) न उघडता. म्हणजे डेटा पक्का झाला तरी शोधात दिसत नाही. सॉफ्ट कमिटचं उलटं: दिसतो, पण डिस्कवर पक्का झालेला नसतो.

आता 'एकदमच'. तुम्ही पाठवलेलं कमिट कुठल्याही नोडने घेतलं, तरी ते कलेक्शनच्या (त्या संपूर्ण इंडेक्सच्या) सगळ्या शार्डांपर्यंत पोचवलं जातं, इथवर ठीक. पण प्रत्येक रेप्लिका आपला सर्चर स्वतः उघडते, कॅशे स्वतः तापवते (म्हणजे आधीच भरून ठेवते), आणि त्याला लागणारा वेळ सारखा नसतो. ऑटोकमिटमध्ये तर प्रत्येक रेप्लिकेचं घड्याळही वेगळं. म्हणूनच तोच शोध लागोपाठ दोनदा केला की निकालांची संख्या कमीजास्त होते आणि लोक 'डेटा हरवला' म्हणून घाबरतात. हरवलेलं काही नसतं. सोलर 7.0 पासून आलेल्या टीलॉग आणि पुल या प्रकारांच्या रेप्लिका लीडरकडून ठरावीक अंतराने सेगमेंट ओढून घेतात. त्यांच्यावर नवा डेटा त्या ओढण्यानंतरच दिसतो, तुमचं कमिट कधीही झालेलं असो.

कमिटला डेटाबेसचा व्यवहार समजणंही चूक. तुमच्या कमिटसोबत इतर क्लायंटांचं प्रलंबित लेखनही पक्कं होतं, आणि सोलरक्लाउडमध्ये रोलबॅक (केलेले बदल मागे घेणं) चालत नाही.

दर अपडेटला सर्चर उघडला की जुनी कॅशे बाद होते, नवी तापेपर्यंत पुढचं कमिट येतं, आणि शेवटी तापणाऱ्या सर्चरांची मर्यादा गाठली की पुढची कमिटं थांबून राहतात. क्लायंटमधून कमिट काढा, कमिटविदिन (अमुक वेळात कमिट व्हावं असं अपडेटसोबत सांगणं) किंवा ऑटोसॉफ्टकमिट (ठरावीक वेळाने आपोआप होणारं सॉफ्ट कमिट) वापरा. एखादा दस्तऐवज आयडीने लगेच हवाच असेल, तर रिअलटाइम गेट आहे; त्याला कमिट लागत नाही.